घार माघारी आली

आमच्या सीमाभागात बऱ्याच शब्दांना दोन घरे असतात. कन्नडमध्ये घारीला 'हद्दू' म्हणतात आणि गिधाडाला 'रणहद्दू', म्हणजे रणांगणावर उतरणारी घार. गंमत अशी, की कन्नडमध्ये 'हद्दू'चा आणखी एक अर्थ सीमा असाही आहे. आणि मराठी कानाला तर 'हद्दू' म्हटले की आधी हद्दच ऐकू येते. हद्द हा आमच्या जिल्ह्याचा जुना, जिव्हाळ्याचा आणि तितकाच दुखरा विषय. वर्गात हा शब्द निघाला की मुले एकमेकांकडे बघून हसतात. ज्या पाखराला आयुष्यात कुठली हद्द दिसली नाही, त्याच्या नावातच ती येऊन बसावी, याला काय म्हणावे!

पण आज सीमाप्रश्नावर लिहायचे नाही. आकाशातून हद्दपार झालेला पक्षी परत आणता येतो का, आणि येत असेल तर त्यासाठी कोणाला काय सोडावे लागते, एवढाच माझा प्रश्न आहे. मी काही पक्षितज्ज्ञ नव्हे. धारवाडला इंग्रजी घेऊन एम. ए. झालो, तीस वर्षे शाळेत शिकवतो आहे आणि अलीकडे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून विद्यार्थ्यांच्या वह्यांपेक्षा कार्यालयाचे कागदच अधिक तपासतो आहे. तरीही या प्रश्नाने मला धरून ठेवले, त्याला दोन कारणे घडली. एक इंग्लंडात आणि दुसरे घरच्या शेतावर.

माझी लेक आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंग या शहरी असतात. लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीकाठी वसलेले हे गाव. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता महिनाभर त्यांच्याकडे होतो. घरामागे चार पावलांची बाग, तिच्यापलीकडे तशीच दुसरी, अशा बागांच्या रांगा. पहिल्याच सकाळी चहाचा पेला घेऊन मागच्या दारात उभा राहिलो तो डोक्यावरून एक सावली सरकत गेली. वर पाहिले तर घार! आपल्या घारीपेक्षा थोडी मोठी, अंगाने तांबूस, डोके राखी आणि शेपटी खोलवर दुभंगलेली. पंख न हलवता, शेपटी नुसती इकडेतिकडे वळवून ती वारा कापत होती. तासाभरात तशा सात-आठ झाल्या. मी खुर्ची बाहेर काढून बसलो. दुपारी लेक म्हणाली, "बाबा, एवढं विमानाचं तिकीट काढून आलात आणि घारीच बघत बसलात? घारी काय आपल्या मटण मार्केटवर नाहीत?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण तिला ठाऊक नव्हते (आणि तोवर मलाही), की ती सात वर्षांची असताना त्या आकाशात बघायला आली असती तर तिला एखादी घार दिसणेही कठीण होते.

हे मला शेजारच्या गृहस्थांनी सांगितले. वय ऐंशीच्या घरात, तेही निवृत्त शिक्षक. शिक्षकाला शिक्षक परमुलखातही ओळखू येतो. दोघेही समोरच्याला काही विचारण्याआधी चष्मा पुसतात. त्यांचे बालपण रेडिंगच्या उत्तरेकडच्या चिल्टर्न टेकड्यांत, शेतकऱ्याच्या घरी गेले. खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्या, उतारांवर बीच वृक्षांची राने आणि खाली गव्हा-बार्लीची व चराईची सपाट शेते, असा तो मुलूख. एका रविवारी त्यांनी मला आपल्या गाडीतून स्टोकनचर्च या खेड्याच्या बाजूला नेले. गव्हाच्या शेतांवर घारी तरंगत होत्या. नांगरटीच्या दिवसांत त्या ट्रॅक्टरमागे उतरून गांडुळे वेचतात, म्हणे. आपल्याकडे बगळे करतात तसेच.

तांबडी घार हा मूळचा इंग्लंडचाच पक्षी. मध्ययुगीन लंडनच्या रस्त्यांवर ती इतकी होती की घाण आणि सांडलेले मांस साफ करते म्हणून तिला मारायची मनाई होती. शेक्सपिअरच्या नाटकांत ती ठिकठिकाणी भेटते. 'द विंटर्स टेल'मध्ये तर घरट्यासाठी वाळत घातलेले कपडे पळवणारी म्हणून तिचा उल्लेख आहे. ती सवय अजून गेलेली नाही; चिंध्या, प्लॅस्टिक, मुलांची खेळणी असे काहीबाही तिच्या घरट्यात सापडते. एम. ए. ला मी ते नाटक अभ्यासले तेव्हा ही घार म्हणजे आपल्या बाजारातलीच, अशी माझी समजूत होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही, हे बरे झाले.

पुढे दिवस पालटले. शहरे स्वच्छ झाली आणि खेड्यात घार कोंबड्यांची, सशांची, शिकारीसाठी पाळलेल्या पाखरांची चोर ठरली. सोळाव्या शतकात राणी एलिझाबेथच्या काळी उपद्रवी प्राणी मारणाऱ्यास बक्षीस देण्याचा कायदा झाला, त्या यादीत घारीचे नाव होते. गोळी, सापळा आणि मेलेल्या जनावरात घातलेले विष, या तीन मार्गांनी तिचा निकाल लागला. यातले विष बहुधा कोल्ह्यासाठी किंवा कावळ्यासाठी ठेवलेले असे. पण मढे दिसले की घार उतरणारच. इंग्लंडमध्ये १८७१ नंतर आणि स्कॉटलंडमध्ये १८७९ नंतर तिची वीण झाली नाही. मध्य वेल्सच्या डोंगरांत मूठभर जोड्या तेवढ्या तगल्या. ज्या पक्ष्याच्या पायांत धड ससा धरण्याचेही बळ नाही, जो बहुतेक मेलेले आणि सांडलेलेच खातो, त्याला चोर म्हणून संपवले गेले. शेजारी म्हणाले, "माझ्या वडिलांच्या काळी शिकारी रानांचे राखणदार मारलेले कावळे, ससाणे कुंपणाच्या तारेला टांगून ठेवत. मालकाला काम दिसावं म्हणून. मी शाळेत जाताना ती रांग बघत जायचो. घार तीत नव्हती, कारण टांगायला घार उरलीच नव्हती."

१९८९ साली ती परत आणायचे ठरले. वेल्सच्या घारी थोड्या, त्यांची वीणही कमी. तेव्हा चिल्टर्नसाठी प्रामुख्याने स्पेनमधून आणि स्कॉटलंडसाठी स्वीडनमधून पिल्ले आणली गेली. ती आणण्याची रीत मला मोठी मननीय वाटली. घरट्यातून चार ते सहा आठवड्यांचे पिल्लू काढायचे, विमानाने आणायचे आणि रानाच्या कडेला बांधलेल्या जाळीच्या लाकडी पिंजऱ्यात ठेवायचे. पिंजऱ्यातून त्याला समोरचा मुलूख दिसला पाहिजे, पण माणूस दिसता कामा नये. अन्न मागच्या झडपेतून सरकवायचे, तेही मेलेले ससे, कावळे, म्हणजे पुढे रानात मिळेल तेच. माणसाच्या हाताची ओळख झाली तर पाखरू माणसाकडे येईल, आणि माणसाकडे येणारी घार फार दिवस टिकत नाही. पंख भरले, की खुणेचा बिल्ला आणि छोटे रेडिओयंत्र बांधून एके दिवशी पिंजऱ्याचे दार उघडायचे, आणि मागे वळून न बघता निघून जायचे. सुरुवातीचे काही आठवडे जवळपास खाद्य टाकून ठेवायचे. आम्ही शाळेत मुलांना वर्षानुवर्षे हाताशी धरतो. न दिसता वाढवण्याची ही विद्या आम्हाला कोणी शिकवली नाही.

१९९२ साली त्या घारींनी इंग्लंडात पहिली पिल्ले काढली. नंतर नॉर्थॅम्प्टनशायर, यॉर्कशायर, गेट्सहेड अशा ठिकाणी तोच प्रयोग झाला. आज ब्रिटनमध्ये घारींच्या जोड्या हजारांनी मोजाव्या लागतात. रेडिंग शहरात तर दर वीस घरांमागे जवळपास एक घर त्यांना खाऊ घालते, असे तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांना आढळले आहे. जाणकार मंडळी मात्र लोकांना असे करू नका म्हणून सांगतात. हाडाशिवायच्या मांसावर पिल्लांची हाडे बनत नाहीत, आणि उद्यानात वनभोजनाला बसलेल्या मुलांच्या हातातला पाव ओढायची सवय लागते ती वेगळीच. आमच्या शेजाऱ्यांना हे सारे पाठ होते. तरी संध्याकाळी हिरवळीवर कोंबडीचे तुकडे टाकल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "माझं अर्धं आयुष्य हिच्याशिवाय गेलं," एवढेच ते म्हणत.

इथवर ही गोष्ट एखाद्या सुखान्त नाटकासारखी वाटेल. पण त्याच वेळी, तेवढ्याच मेहनतीने केलेला दुसरा प्रयोग शेजारी बसून सांगतो तो धडा निराळा आहे. उत्तर स्कॉटलंडमध्ये ब्लॅक आइल नावाचा भाग आहे. तिथेही सखल, सुपीक शेती. चिल्टर्नमध्ये आणि ब्लॅक आइलमध्ये त्याच चार-पाच वर्षांत, प्रत्येकी नव्वदच्या आसपास घारी सोडल्या. दोन्हीकडे १९९२ मध्येच पहिली पिल्ले उडाली. २००६ साली मोजदाद झाली तेव्हा चिल्टर्नमध्ये तीनशेच्या वर जोड्या होत्या आणि ब्लॅक आइलच्या बाजूला चाळिसाच्या आसपास. अभ्यासकांनी वीण तपासली. तिथल्या घारी पिल्ले भरपूर काढत होत्या. ती पिल्ले मोठी होईपर्यंत जगत नव्हती. आजूबाजूच्या शिकारी रानांत कोणीतरी अजूनही मेलेल्या सशात विष घालत होते. हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे, हे माहीत असूनही. मार्च २०१४ मध्ये त्याच परिसरात कॉनन ब्रिज गावाजवळ सोळा तांबड्या घारी आणि सहा बझर्ड पक्षी मरून पडलेले सापडले. बहुतेकांच्या शरीरात बंदी असलेले विष निघाले.

एकच पक्षी, जवळपास सारखीच संख्या, सारखीच जमीन. फरक पडला तो मढ्यात काय मिसळले होते, यावर. गाडी परत वळवताना शेजारी म्हणाले, "लोकांना वाटतं, आम्ही पाखरं आणली. पाखरं आणणं हे त्यातलं सोपं काम. त्याआधी शेताशेताला जाऊन माणसांची सवय बदलावी लागली, तिला कितीतरी वर्षं लागली." निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही हाच दंडक घालून दिला आहे. ज्या कारणाने प्राणी नाहीसा झाला ते कारण आधी दूर करा, मगच त्याला परत आणा.

या गोष्टीला एक गोड पुरवणीही आहे. मधल्या काळात स्पेनमध्येच घारी घटल्या, तिथेही विषाने बळी घेतले. तेव्हा २०२२ पासून नॉर्थॅम्प्टनशायरच्या रानातली पिल्ले स्पेनच्या नैर्ऋत्येकडील एक्स्त्रेमादुरा प्रांतात नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्या पिल्लांचे पूर्वज मुख्यतः स्पेनचेच. शेजाऱ्याने साखर उसनी न्यावी आणि पुढे त्याच वाटीने परत आणून द्यावी, तसे हे झाले.

घरी परतताना विमानात मला घारींपेक्षा गिधाडेच जास्त आठवत होती. मेलेल्या जनावरात माणसाने काय मिसळले, या प्रश्नाशी आमच्या शिवाराचाही संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्याच्या पूर्व अंगाला. भात, ऊस, थोडी ज्वारी. गावाबाहेर एक माळ होता, त्याला सगळे हाडांचा माळ म्हणत. जनावर मेले की तिथे नेऊन टाकत. कातडे काढून झाले, की आकाशातून एकेक ठिपका मोठा होत खाली येई. वीस, तीस, चाळीस गिधाडे. पांढऱ्या पाठीची, उघड्या मानेची, धसमुसळी. त्यांची भांडणे दूरवर ऐकू येत. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी आणि म्हणूनच आम्ही जात असू. दोन-तीन तासांत बैलाचा नुसता सांगाडा उरे. ना दुर्गंधी, ना किडे. गावातल्या कोणाला ती पाखरे सुंदर वाटत नव्हती. आपली भाषा त्यांच्याशी कधी नीट वागली नाही. एखाद्याच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्याला आपण गिधाड म्हणतो. रामायणाने जटायूला देवाच्या मांडीवर मरण दिले, पण बोलण्यात जटायू वेगळा आणि गिधाड वेगळे.

मी नोकरीला लागलो त्या सुमारास, १९९३-९४ पर्यंत ती होती. नंतर कधी नाहीशी झाली ते गावात कोणाच्या ध्यानातही आले नाही. भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना ती मान टाकून झाडांवर बसलेली आणि पटापट मरताना दिसली, तेव्हा देशाला प्रथम कळले. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ मध्ये जिथे हजार होती तिथे २००७ पर्यंत एखादेच उरले. कारण सापडायला २००४ साल उजाडले. पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासून दाखवले, की गुरांना दुखण्या-सुजेवर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मूत्रपिंडाचा घात करते. औषध टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर दगावले, की ते अंश मांसात राहतात. असे मढे शंभरात एकाहूनही कमी असले तरी पुरते, कारण एका मढ्यावर चाळीस गिधाडे जेवतात.

इंग्लंडातला राखणदार विष घालताना मारायच्या इराद्याने घालत होता. आमच्याकडे कोणाचाच तसा इरादा नव्हता. शेतकऱ्याने आपल्या बैलाचे दुखणे कमी व्हावे म्हणून पदरचे पैसे मोडून सुई टोचली. त्या मायेने गिधाडांचा वंश बुडवला, आणि म्हणूनच हे विष थांबवणे अवघड आहे. गुन्हेगाराला धाक घालता येतो. बैलाच्या कपाळावरून हात फिरवणाऱ्याला काय सांगणार?

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्यांचा आकार तीन मिलिलिटरवर आणला. गाईच्या पोटात गेल्यावर ॲसिक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅकच होते, म्हणून २०२३ मध्ये तेही आणि केटोप्रोफेनही गुरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध आहे आणि ते सहज मिळते. मधल्या काळात मढी उघड्यावर सडू लागली आणि भटकी कुत्री वाढली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली असा अंदाज केला आहे. आकडा वाचून मी पुस्तक मिटले नाही, कारण आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाला त्याच हाडांच्या माळाजवळ कुत्रे चावले होते. पाच इंजेक्शने झाली, मुलगा वाचला. पण महिनाभर त्याची आई रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन त्याला पाणी पिताना बघून जायची.

दुसरे कारण २०२४ च्या पावसाळ्यातले. धाकट्या भावाचा म्हातारा बैल पाय सुजून बसला. चार दिवस औषधपाणी झाले आणि पाचव्या दिवशी गेला. हाडांच्या माळावर आता वस्ती झाली आहे. भावाने जेसीबी बोलावून बांधाकडेला खड्डा काढला, मीठ टाकले, बैल पुरला. आई ओसरीवर बसून बघत होती. म्हणाली, "पूर्वी बैल गेला की वर जायचा. आता खाली घालतात." गोठ्याच्या कोनाड्यात रिकामी बाटली होती. उचलून नाव वाचले तर ॲसिक्लोफेनॅक. बंदी येऊन वर्ष झाले होते. भाऊ म्हणाला, "दादा, मी कुठलं नाव वाचतोय? दुकानदार देतो, मी टोचून घेतो."

दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी बाटली पुढे ठेवली. तो म्हणाला, "सर, जुना माल होता, संपला आता. पण खरं सांगू? शेतकऱ्याचं जनावर उठून उभं राहिलं पाहिजे बघा. गिधाडासाठी कोण पैसे मोजणार?"

"मेलॉक्सिकॅमनं उठत नाही का?"

"उठतंय की. पण लोकांना सवयीचंच नाव लागतं. दुसरं दिलं तर दुसऱ्या दुकानात जातात."

"मग त्या दुसऱ्या दुकानातही मी जातो. तू ठेवू नकोस."

"बघतो, सर," तो म्हणाला. 'बघतो, सर' या दोन शब्दांचा अर्थ तीस वर्षे शिकवणाऱ्याला समजावून द्यावा लागत नाही. पण त्याने नाही म्हटले नाही, हेही मी नोंदवून ठेवले.

गिधाडे परत आणण्याचे काम आपल्या देशातही सुरू झाले आहे. हरियाणात पिंजोर येथे जटायू संवर्धन प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढवलेली वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये विदर्भात पेंच आणि ताडोबा येथे आणली आणि पुढे रानात सोडली. त्यांतली काही दगावली, काही दूरदूर फिरली. इकडे कर्नाटकात रामनगरजवळच्या रामदेवर बेट्टाला २०१२ मध्ये गिधाडांसाठी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. मात्र सोडलेले गिधाड अभयारण्याच्या पाटीपाशी थांबत नाही. ते अन्नासाठी शंभर किलोमीटर सहज जाते, म्हणून जाणकार शंभर किलोमीटर त्रिज्येचा टापू विषमुक्त करायला सांगतात. मी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात बेळगाववर कंपासचे टोक रोवून तेवढे वर्तुळ काढले. त्यात धारवाड आले, पणजी आली, कोल्हापूरही आले. तीन राज्ये, तीन भाषा आणि कितीएक औषधांची दुकाने. यातल्या एका जरी बाजूने बाटली चालू राहिली तरी बाकीच्या दोघांची मेहनत वाया जाईल. ब्लॅक आइलमध्ये तेच घडले. पन्नास-साठ वर्षे ज्या हद्दीवरून आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली, त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना या एका कामात एकमेकांवाचून गत्यंतर नाही.

शाळेत मी फार मोठे काही केलेले नाही. आठवी-नववीच्या मुलांना सांगितले, घरच्या गोठ्यात जी औषधे असतील त्यांची नावे वहीत उतरवून आणा; बाटलीला हात लावू नका. काही वह्यांत नको ती नावे आलीच. आमच्या कन्नड विषयाच्या बाई आणि मी बसून एक कागद तयार केला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कोणती औषधे गुरांना देऊ नयेत, कोणते चालते आणि का, एवढेच त्यावर. मराठीच्या डोक्यावर 'गिधाड' आणि कन्नडच्या डोक्यावर 'रणहद्दू'. कोणती भाषा डावीकडे यावी यावर शिक्षकांच्या खोलीत पंधरा मिनिटे चर्चा झाली, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शेवटी अर्धे कागद एका क्रमाने छापले, अर्धे दुसऱ्या.

तो कागद लावायला मी मुलांबरोबर गावच्या दूध सोसायटीत गेलो. सेक्रेटरींनी तो पूर्ण वाचला आणि विचारले, "सर, हे सगळं पाळलं तर गिधाडं किती दिवसांत येतील?"

मी त्यांना हिशेब सांगितला. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू पाच वर्षांनी वयात येते. आधी टापू स्वच्छ व्हायला हवा, मग कोणी सोडणार, मग ती टिकणार. माझी निवृत्ती जवळ आली आहे. माझ्या कारकिर्दीत हे होणार नाही. आज आठवीत असलेली मुले बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर हाकू लागतील तेव्हा झाले तर झाले.

सेक्रेटरी थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मुलाच्या हातातून खळीचा डबा घेतला आणि दूध मोजायच्या खिडकीशेजारी, जिथे रोज सकाळ-संध्याकाळ अख्खे गाव रांगेत उभे असते, तिथे कागदाचे चारही कोपरे स्वतः चिकटवले.